दिवाळीनंतर बोलेल

सई, गेल्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, "आजी, तुमच्या शाळेत ऑटिझमची मुलं नव्हती का गं?" मी "नव्हती" म्हणाले आणि विषय बदलला. मग संध्याकाळी पोळ्या लाटताना हात थांबला. मी तुला खोटं सांगितलं होतं. आमच्याकडे तो शब्द नव्हता. मुलं होती.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई दोन वर्षं मागे लागल्या आहेत, शाळेतले अनुभव लिहा म्हणून. तेव्हा तुझं उत्तर आणि त्यांचा लेख एकदमच उरकते. रोहन, तूही वाच; नातवालाही हे कळायला हवं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना सोपं गेलं असतं, आणि मलाही ते जमलं असतं; एकेकाळी मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आहे. पण यातली माणसं इंग्रजीत बोलत नव्हती.

तुमचे आजोबा रशियनांच्या मदतीने उभ्या राहणाऱ्या पोलाद प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले म्हणून लग्नानंतर मी नागपूरहून भिलाईला आले. तेव्हा सगळं बांधकामच चाललेलं. सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरसमोर रस्ता होता, पण रस्त्याच्या कडेला झाड म्हणून नव्हतं. गुडघाभर रोपं आणि त्यांना विटांचे पिंजरे. लाल धूळ इतकी की धुतलेलं पांढरं पातळ वाळेपर्यंत गुलाबी व्हायचं. शाळाही नवीच होती. मी टीचर्स ट्रेनिंग केलेलं, म्हणून मला बालवर्ग मिळाला. चाळीस मुलं, एक मी, आणि कॅम्प-१ या मजुरांच्या वस्तीतून चालत येणारी फूलबासन नावाची आया.

बालवर्गाची बाई काय करते, असं लोक मला अजून विचारतात. अक्षरं-अंक हे काम थोडं. खरं काम म्हणजे एका मुलाला दुसऱ्या मुलाची सवय लावणं. ढकलायचं नाही, पाळी येईपर्यंत थांबायचं, तहान लागली तर सांगायचं, दुसऱ्याचा डबा आपला नसतो. आमच्याकडे हे काम जरा अवघड होतं, कारण चाळीस मुलांच्या घरी नऊ-दहा भाषा. पंजाबी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, उडिया, छत्तीसगढी, आपल्या विदर्भातली मराठी. शाळा हिंदी, आणि निम्म्या मुलांना हिंदीचा गंध नाही. त्यामुळे आम्हा शिक्षिकांचा एक ठरलेला नियम होता. मूल बोलत नसेल तर चिंता करायची नाही. भाषा कानात मुरायला वेळ लागतो. दिवाळीनंतर बोलेल. आणि खरोखर बोलायचीही. एक मल्याळी मुलगा चार महिने खांबासारखा उभा होता, आणि सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी त्याने मला खड्या हिंदीत सांगितलं की माझी खुर्ची मोडकी आहे.

या नियमानेच माझा घात केला.

कुंदा तेलुगू आहे असं मी धरून चालले होते. ती रोज शेजारच्या तेलुगू घरातल्या दोन मोठ्या मुलींबरोबर यायची, तशीच जायची. हिंदीत हाक मारली तर वळायची नाही, मराठीत मारली तरी नाही. कोणाच्या तोंडाकडे बघायची नाही. मुलं फेर धरून गाणी म्हणत, तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बोटं डोळ्यांसमोर हलवत बसायची. मी वहीत लिहून टाकलं: 'भाषा येत नाही. दिवाळीनंतर पाहणे.' माझ्या वह्यांचा मला मोठा अभिमान. दर मुलाचं पान, वर लाल शाईत नाव. आणि याच व्यवस्थित बाईने ऑफिसात पडलेला प्रवेशाचा अर्ज एकदा उघडून बघितला नाही.

दिवाळी झाली. एका दुपारी पाण्याच्या टाकीपाशी कुंदा एकटी उभी होती. तोटी गळत होती. ती तोटीला सांगत होती, "बंद कर. पानी सांडून राहिलं. कावून सांडून राहिलं? बंद कर."

अस्सल नागपूरकडची मराठी! माझ्या माहेरी मोलकरीण बोलायची तशी. शब्द स्पष्ट, हेल आईचा असावा तसा. मी तिथेच उभी राहिले. चार महिने हे मूल माझ्या वर्गात माझ्याच भाषेचं होतं आणि एकदाही कोणाशी बोललं नव्हतं. म्हणजे प्रश्न भाषेचा नव्हता.

त्याच दिवशी मी तिच्या घरी गेले. आमच्यापासून तीन रस्ते सोडून क्वार्टर. वडील श्यामराव प्लांटच्या स्टोअरमध्ये कारकून. आई सुमन, हिंगणघाटकडची, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. मी काय बोलायला आले ते तिला मी चप्पल काढायच्या आतच कळलं.

"बाई, नाव काटून राहिले का तिचं?"

"नाही हो. मी फक्त विचारायला आले. घरी बोलते का ती?"

"बोलते न. पानी पाह्यजे, भात पाह्यजे. पन तुमी-आमी बोलतो तसं नाई." ती पदराशी चाळा करत राहिली. "आवाज झाला का कान झाकते. डोक्यावरून हात फिरवला त दूर पयते. पन येडी नाई, बाई. तिले समदं समजते. मायी सासू म्हनते, तिले गावाले धाडून दे, मी अंगारा लावतो, घरातच ठेवतो. आनि हे बी आताशा तसंच म्हनते." मग हळूच म्हणाली, "घरात ठेवली का मंग कोन येते तिच्याकडं? आमी हावो तवर ठीक. आमच्या मागं तिचं कोन?"

मी म्हणाले, मी शिकवते तिला. सव्वीस वर्षांची होते मी. ट्रेनिंग कॉलेजात लहान मुलांच्या शिष्टाचारावर इंग्रजी पुस्तक वाचलं होतं. मला वाटलं, ही शिकवायचीच गोष्ट आहे, पाढ्यांसारखी.

आता जे लिहिते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रोज मधल्या सुट्टीत मी कुंदाला समोर बसवून तिची हनुवटी बोटांनी वर उचलायची. "माझ्याकडे बघ. डोळ्यांत बघ. आता म्हण, नमस्ते, तुम कैसी हो?" ती डोळे मिटून घ्यायची. उघडेपर्यंत मी हनुवटी सोडायची नाही. तीन आठवड्यांत ती वाक्य म्हणायला शिकली. मग ती फळ्याला नमस्ते करायला लागली, फूलबासनच्या केरसुणीला, कुंपणाशी चरणाऱ्या बकरीला. मुलं हसून लोळायची. मी मात्र प्रगती म्हणून वहीत तारखा घातल्या.

एके दिवशी मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. "कुंदा, जसबीरशी बोल. तिच्याकडे बघून बोल." आणि सवयीने माझा हात तिच्या हनुवटीकडे गेला. तिने किंकाळी फोडली, माझं मनगट चावलं आणि टेबलाखाली शिरली. तासभर बाहेर आली नाही.

रक्त बघून मुलं रडायला लागली. मुख्याध्यापिका आल्या. लखनौच्या, शिस्तीच्या, मनाने वाईट मुळीच नव्हत्या. त्यांनी माझ्या मनगटाला स्वतः आयोडीन लावलं आणि लावतानाच सांगितलं, "होली तक देख लीजिए। आपके पास चालीस बच्चे हैं, एक नहीं। पहली कक्षा में तभी जाएगी जब किसी एक बच्चे से बात कर ले। नहीं तो नाम काटना पड़ेगा।"

नाव कापलं की गाव आणि अंगारा, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं.

सई, अशा मुलांबरोबर काम करायला तू पाच वर्षं शिकलीस. मला वाट दाखवली फूलबासनने. दुसऱ्या दिवशी ती मला वर्गाच्या दाराबाहेर घेऊन गेली.

"बहिनजी, देख तो। ए नोनी ह सब्बो के पनही ला चिन्हथे।"

ही मुलगी सगळ्यांच्या चपला ओळखते, म्हणाली. वर्गाबाहेर चाळीस जोड पडलेले असत. बहुतेक रबरी, एकाच बाजारातून घेतलेले, एकाच मापाच्या आगेमागे. रोज शाळा सुटली की तिथे युद्ध. याची डावी त्याच्या पायात, रडारडी, ओढाओढी, मग संध्याकाळी मुलांच्या आया तावातावाने एक चप्पल घेऊन माझ्या दारात. आणि त्या ढिगापाशी कुंदा बसली होती. जोड जुळवून, बोटं समोर करून, एका सरळ रेषेत लावत होती. मी एक जोड उचलून विचारलं, "ही कोणाची?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बिमल." दुसरी? "लक्ष्मी." तिसरी? "जसबीर. डावीकडून झिजली."

इतके महिने ही कोणाकडे बघत नाही असं मी धरून चालले होते. ती बघतच होती. फक्त खाली बघत होती.

मी हनुवटीचा धडा त्या दिवशी बंद केला. शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधी कुंदाला दाराशी बसवायला लागले. मुलांनी एकेक करून यायचं, तिच्यासमोर थांबायचं, आपलं नाव सांगायचं. ती जोड पुढे करणार. घेणाऱ्याने 'शुक्रिया' म्हणायचं आणि पुढच्याला वाट द्यायची. बस, एवढाच खेळ. पण त्यात तिला दिवसाला एकोणचाळीस माणसं भेटत, आणि काय होणार ते तिला आधीच ठाऊक असे. कोणी नाव न सांगता चप्पल ओढली तर ती घट्ट धरून ठेवायची. "नाव," म्हणायची. पंजाबी असो की उडिया, आठवड्याभरात सगळ्या वर्गाला हा एक मराठी शब्द समजायला लागला.

जसबीर क्रेन चालवणाऱ्या एका सरदारजींची मुलगी. तोंड अखंड चालू. ती आपणहून कुंदाशेजारी बसायला लागली आणि जोड जुळवता जुळवता तिला घरच्या म्हशीपासून मामाच्या लग्नापर्यंत सगळं ऐकवायची. कुंदा उत्तर द्यायची नाही, पण उठून जायचीही नाही. जसबीरने मला न विचारता जे शोधून काढलं ते माझ्या पुस्तकात नव्हतं. नव्या मुलांना ती दमात घेऊन सांगायची, "छूना नहीं, चीखेगी। सामने रख दे, वो खुद ले लेगी।" एकदा एक मुलगा "ए पगली" म्हणाला. जसबीर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पगला तू! तुझे अपनी चप्पल तक तो पता नहीं!"

सगळं सुरळीत चाललं असतं, पण तेलुगू शेजारणीच्या मुलींनी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी श्यामराव सायकल दाणदाण आपटत आले.

"बाई, आमची पोरगी शायेत शिकाले येते का लोकायच्या चपला उचलाले?"

"श्यामराव, बसा."

"बसाले नाई आलो मी. उद्या स्टोअरमधले लोकं म्हनतील, श्यामरावची पोरगी जोडे उचलते. माया मायले समजलं त थे जेवनार नाई. हे काम आपन करतो का? तुमच्या घरी करतात का?"

खरं सांगते, करत नव्हते. आमच्या घरीही परक्याच्या वहाणेला पाय लागला तर पाय धुवायचे. मला स्वतःला सुरुवातीला कसंतरी झालं होतं आणि मी ते गिळलं होतं. फूलबासन दाराशी झाडत होती. ती झाडायची थांबली, मान खाली घालून. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. काम तिने केलं असतं तर आम्हा दोघांनाही काही वाटलं नसतं.

मी म्हणाले, "उद्या शाळा सुटताना या. एकदा बघा. मग म्हणाल तर बंद करते."

पहिल्या पाळीहून ते तसेच आले, खाकी कपड्यांत. दूर खांबाआड उभे राहिले. एकोणचाळीस मुलं त्यांच्या मुलीसमोर रांगेने आली, थांबली, नाव सांगितलं, शुक्रिया म्हणाली. बिमल घाईत नाव विसरला. कुंदाने चप्पल मागे घेतली. "नाव." सगळी रांग ओरडली, "नाव! नाव!" श्यामरावांना हसू आलं. मग त्यांनी रुमाल काढून घाम पुसला, बराच वेळ पुसला, आणि सायकल घेऊन गेले.

आठवड्याने ते परत आले ते मागे कॅरिअरला लाकडी मांडणी बांधून. तेव्हा भिलाईत निम्म्या घरांचं फर्निचर रशियन यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांचं असे; लिलावात मिळायच्या. श्यामरावांनी त्या फळ्या रंधून चाळीस कप्प्यांची मांडणी स्वतः केली होती. एका बाजूला रशियन अक्षरं तशीच होती. "पोरगी भुईवर बसते न, म्हून," एवढंच म्हणाले.

आणि त्या मांडणीने अनर्थ केला. कुंदाची सरळ रेषा जमिनीवर होती. मी हौसेने तिच्या नकळत सगळे जोड कप्प्यांत ठेवून दिले. ती आली, बघितलं, आणि दोन दिवस किंचाळत राहिली. बाप दाराशी उभा, तोंड पांढरंफटक. "मी चांगल्यासाठीच आनली हो, बाई." मलाही रडू येत होतं. तिसऱ्या दिवशी मांडणी रिकामी करून कोपऱ्यात ठेवली, जोड पुन्हा जमिनीवर. पाच-सहा दिवस कोणी मांडणीचं नाव काढलं नाही. मग एका सकाळी जसबीरने आपले जोड वरच्या कप्प्यात ठेवले आणि म्हणाली, "मेरा घर ऊपर।" कुंदाने ते काढून सरळ केले, आणि परत तिथेच ठेवले. त्यानंतर रोज थोडे थोडे. बदल तिला आधी सांगावा लागतो, हे मी लाल शाईत लिहून ठेवलं.

होळी झाली. मुख्याध्यापिकांनी दिवस ठरवला. माझी सगळी भिस्त जसबीरवर होती. तिच्याशी कुंदा कधीमधी एखादा शब्द बोलायची, "हे नाई", "तिकडं". आणि नेमकी त्या दिवशी जसबीरची जागा रिकामी.

शाळा सुटायच्या वेळी मुख्याध्यापिका येऊन खुर्चीवर बसल्या. रांग आली, नावं झाली, शुक्रिया झाले. एकही चूक नाही. मुलं पांगल्यावर त्या उठल्या.

"अच्छा अनुशासन है। लेकिन बहनजी, बातचीत कहाँ है? यह तो चपरासी भी कर लेगा। जो सिखाया, वही बोल रही है।"

खोटं नव्हतं ते. फाटकाशी सुमन उभी होती, दोन्ही हातांनी सळ्या धरून. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

रोज मांडणी रिकामी झाली की कुंदा घरी पळायची. आज ती मांडणीसमोरच उभी होती. वरचा कप्पा सकाळपासून रिकामा होता. तिने त्यात दुसऱ्या कोणाची चप्पल ठेवली नव्हती. ती वळली, माझ्याजवळ आली. माझ्या निऱ्यांकडे बघत तिने विचारलं,

"जसबीर कावून नाई आली?"

सई, ती शाळेत आल्यापासून तिने कोणाला प्रश्न विचारला नव्हता. हा मी शिकवलेला नव्हता. कोणीच शिकवलेला नव्हता.

"क्या कह रही है?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"पूछ रही है," मी म्हणाले, "जसबीर क्यों नहीं आई।"

त्या साडी सावरून खाली वाकल्या, पण हात लावला नाही. एवढं त्यांनी बघून ठेवलं होतं. "उसे बुखार है, बेटा। उसके पिताजी चिट्ठी दे गए हैं।" आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नाम रहने दीजिए। पहली में भेजिए।"

पुढचं तू विचारशील, म्हणून सांगून ठेवते. चमत्कार झाला नाही. कुंदा आठवीपर्यंत शिकली, दोन वर्गांत दोन-दोनदा बसून. लोकांच्या डोळ्यांत तिने कधी बघितलं नाही. श्यामराव रिटायर झाल्यावर ती माणसं नागपूरला गेली आणि पत्रं हळूहळू थांबली. तिच्या आधीच्या वर्षांत 'भाषा येत नाही' असं मी आणखी किती पानांवर लिहिलं असेल, आणि त्यातली किती मुलं दिवाळीनंतरही बोलली नसतील, याचा विचार मी आजही टाळते.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलंय.

फाटकाबाहेर कुंदा घराच्या उलट्या दिशेने चालायला लागली. सुमन घाबरली. "कुठी चालली वो माय?"

"जसबीर."

आम्ही दोघी तिच्या मागे. सरदारजींचं क्वार्टर पुढच्याच रस्त्यावर होतं; जसबीरच्या बडबडीत ते कितीदा तरी आलं असणार. जसबीर बाजेवर पडली होती, कपाळावर ओली पट्टी. कुंदा थेट आत गेली. नमस्ते नाही, काही नाही. बाजेपाशी जमिनीवर तिच्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "तू नव्हती."

"बुखार है," जसबीर म्हणाली. मग सवयीप्रमाणे तिचं सुरू झालं: डॉक्टर, कडू औषध, आईने दिलेली बिस्किटं. कुंदा भिंतीकडे बघत बसून राहिली. मध्येच जसबीरने एक बिस्किट तिच्यापुढे जमिनीवर ठेवलं. तिने ते उचललं.

ऊन कलायला लागलं. जसबीरच्या आईने चहा दिला, तो पिऊन झाला. मी सुमनला हळूच म्हणाले, "चला आता, श्यामराव वाट बघत असतील. हाक मारा तिला."

सुमन उंबऱ्यावर बसली होती. तिने माझा हात दाबून मला गप्प केलं.

"थांबा न बाई जराशा. पोरगी मैत्रिनीच्या घरी आली हाय."